राखेचा बुधवार आणि स्मशानवैराग्य

गेल्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्यानं विचारलं होतं, मरणाचा विचार माणसाला सुधारतो की नुसताच घाबरवतो? वेळ संपली होती, म्हणून आम्ही उत्तर आजवर ढकललं. खरं सांगायचं तर वेळ असती तरी उत्तर तयार नव्हतं. मग कॅलेंडर चाळताना एक निमित्त सापडलं. येत्या रविवारी, १५ फेब्रुवारीला, महाशिवरात्र आहे. बुधवारी, १८ तारखेला, ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार आहे, म्हणजे त्यांच्या उपवासकाळाचा, लेंटचा पहिला दिवस. आणि त्याच आठवड्यात चंद्र दिसला की रमजान लागेल. तीन धर्मांचे उपास एका आठवड्यात आले आहेत. त्यांतल्या मधल्याबद्दल आज बोलू, कारण आपल्या श्रोत्याचा प्रश्न त्याच्याच कपाळावर लिहिलेला आहे.

शिरूर कासारात बसून लेंटवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. आपल्या गावात हे पाळणारी घरं शोधावी लागतील, हे खरं. पण पाथर्डीच्या बाजूनं एसटी धरून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, उतरलात तर तिथं अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालेलं आहे. मराठी ख्रिस्ती लोकांचं निम्मं वाङ्मय त्या गावात लिहिलं गेलं. तेव्हा विषय परदेशातला नाही. शेजारच्या जिल्ह्यातला आहे.

आधी विधी काय असतो ते पाहू. ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, लोक चर्चमधून आशीर्वाद दिलेल्या झावळ्या घरी नेतात. वर्षभर त्या घरात राहतात, वाळतात. पुढच्या लेंटच्या आधी त्या परत गोळा करतात, जाळतात, राख चाळून घेतात. बुधवारी लोक रांगेनं पुढं जातात आणि धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर त्या राखेनं क्रूस काढतात. काढताना त्याला आठवण करून देतात, की बाबा, तू मातीचा आहेस आणि मातीला मिळणार आहेस. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, आदामाला हे सांगितलेलं आहे.

आता इथं एक बारीक गोष्ट आहे, ती पटकन लक्षात येत नाही. ही राख चितेची नाही. झावळ्यांचा रविवार हा जयजयकाराचा दिवस. येशू जेरुसलेमात शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, आणि त्याच आठवड्यात त्याच शहराबाहेर त्याला क्रूसावर चढवलं. म्हणजे कपाळाला लावतात ती मागच्या वर्षीच्या उत्साहाची राख. आपण गुढीपाडव्याची गुढी वर्षभर जपून ठेवावी, पुढच्या वर्षी जाळावी आणि तिची राख लावून म्हणावं, की बघ, एवढं मोठ्यानं काय काय ठरवलं होतंस! असं काहीसं ते आहे. मरणाची आठवण आहे, पण तिच्यात स्वतःच्या मोडलेल्या संकल्पांची आठवणही मिसळलेली आहे.

सुरुवातीला ही राख सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांच्या हातून मोठं पाप घडलं, ज्यांना जाहीर प्रायश्चित्त घ्यायचं होतं, त्यांच्यावर राख टाकत. बाकीचे बघत. पुढे हळूहळू सगळेच राख घेऊ लागले, आणि १०९१ च्या बेनेव्हेंतोच्या धर्मसभेनं ती सर्वांसाठी सांगितली. आमच्या मते हा बदल फार मोलाचा आहे. पाप कुणाचं मोठं, कुणाचं लहान, याचा हिशोब लावत बसता येईल. मरणाच्या बाबतीत तो लागत नाही. रांगेत सरपंचही असतो नि सालगडीही, आणि वाक्य दोघांना एकच.

हे झालं राखेचं. पण श्रोत्याचा प्रश्न अजून तिथंच आहे. अशी आठवण करून दिल्यानं होतं काय?

आपल्या भाषेत या जागी एक नेमका शब्द आहे : स्मशानवैराग्य. चिता पेटलेली असते, माणसं थोडी लांब उभी असतात, आणि ज्याला त्याला वाटू लागतं, कशासाठी ही धावपळ, काय घेऊन जायचंय बरोबर. तो क्षण खोटा नसतो. तो खराच असतो. फक्त तो घरी येऊन आंघोळ करेपर्यंतच टिकतो. चहा आला की माणूस परत पहिल्यासारखा.

आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आजवर कुठल्या व्यासपीठावर सांगितली नव्हती. आमचा धाकटा भाऊ शेती बघायचा, आम्ही नोकरीत. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून आणि हातभर जमिनीवरून आमचं बोलणं तुटलं होतं. वडील गेले. सिंदफणेच्या काठी चिता पेटली आणि आम्ही मनाशी म्हणालो, आता पुरे, हा लिंब त्याला देऊन टाकू. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. दोघं भाऊ समोरासमोर बसून राखेतून अस्थी वेचत होतो. एकदा दोघांचे हात एकाच ठिकाणी गेले. त्यानं हात मागं घेतला, आम्हीही घेतला. म्हटलं, दहाव्याला बोलू. दहाव्याला पाहुणे आले, पाहुण्यांबरोबर सल्ले आले, वारसनोंदीचा आणि सातबाराचा विषय निघाला, आणि झालं. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेतलेला माणूस आम्ही, वर्गात पोरांना मृत्यूवर तास घेणारे. आमचं वैराग्य तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंतसुद्धा चाललं नाही. पुढं अकरा वर्षं तो लिंब तिथंच होता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये भाऊ कोरोनात गेला. सावडायला आम्हांला जाता आलं नाही, कुणालाच आलं नाही. त्याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत, एका रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह स्मशानात नेले गेले होते. देशभर ती बातमी गेली. तुम्हांला आठवत असेल. त्या दिवसांत आपण सगळेच म्हणत होतो, की यातून वाचलो तर वेगळं जगू. अख्ख्या समाजाला एकाच वेळी आलेलं ते स्मशानवैराग्य होतं. ते किती टिकलं, हे आम्ही सांगायला नको. (त्याच वर्षी रोमहून सूचना आली होती, की राख कपाळाला बोट लावून न देता डोक्यावर वरून टाकावी, आणि ते वाक्य प्रत्येकाला वेगळं न म्हणता सर्वांना एकदाच म्हणावं. म्हणजे ज्या वर्षी मरण दाराशी उभं होतं, त्या वर्षी ते वाक्य कानाशी येऊन कुणी म्हणालं नाही.)

तर अडचण ही आहे. मरणाचं भान येत नाही असं नाही. येतं आणि जातं. मग त्याचं करायचं काय?

उपवासकाळाची युक्ती इथंच आहे, आणि ती धर्मशास्त्रापेक्षा व्यवहारज्ञानाची अधिक आहे. तो काळ मरणाचं नाव पहिल्या दिवशी एकदा काढतो आणि लगेच बाजूला ठेवतो. पुढं बोलणं सुरू होतं ते ताटाचं, खिशाचं आणि जिभेचं. प्रार्थना, उपवास, दानधर्म. हे तिन्ही मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले आहेत आणि राखेच्या बुधवारी तोच भाग वाचतात. मुदत चाळीस दिवसांची. येशू रानात चाळीस दिवस उपाशी होता, मोशे सिनाय डोंगरावर चाळीस दिवस होता, त्यावरून हा आकडा. यंदा १८ फेब्रुवारीपासून ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत मोजलंत तर सेहेचाळीस दिवस भरतील. मधले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा आनंदाचा वार, त्या दिवशी उपास मोजत नाहीत. दर आठवड्याला एक सुटी ठेवणाऱ्या माणसाला माणसाचा स्वभाव चांगला माहीत असला पाहिजे!

नियमही फार कडक नाहीत. कॅथलिकांमध्ये खरा उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दिवसातून एकदा पोटभर, बाकी थोडंसं. तोही अठरा वर्षांपुढच्यांना, आणि साठीत पाऊल पडलं की सूट. म्हणजे आम्हांला माफ आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. चातुर्मासाचा नेम आपल्या आज्या धरायच्या. कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी वांगं, कुणी मीठ. आणि सोडायच्या आधी आषाढात कांदेनवमी करायची, म्हणजे भजी, झुणका, जे जे कांद्याचं ते ते एकदा पोटभर. गोव्यात राखेच्या बुधवाराआधी कार्निव्हल असतो, तिथल्या लोकांचा इंत्रूज, ती याच जातीची गोष्ट आहे. सोडणाऱ्याला आधी नीट खाऊ घालावं, हे शहाणपण माजलगावपासून मडगावपर्यंत एकच.

पण लेंट मुळात आहे कशासाठी? त्याचा उगम बाप्तिस्म्याच्या तयारीत आहे. पहिल्या शतकांत नवख्यांना ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देत, आणि त्याआधीचे आठवडे ते तयारी करत. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याला मरण म्हटलं आहे : जुना माणूस पुरायचा, नवा उठायचा. म्हणजे या काळात मरण शेवटी नसतं, मधे असतं. आणि इथं आम्हांला नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात.

‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतला मरता पक्षी शाळेत ज्यांना भेटला, त्यांना टिळक माहीत आहेत. जन्म १८६१, करजगाव. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं, त्यानं नवा करार हातात दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षी राखेचा बुधवार २७ फेब्रुवारीला होता, म्हणजे सतरा दिवसांनी. चित्पावन घरातला माणूस, मुंज झालेला, म्हणजे शास्त्राप्रमाणे एकदा दुसऱ्यांदा जन्मलेलाच. हा त्यांचा तिसरा जन्म म्हणायचा. आणि त्या काळात असं करणं म्हणजे जातीसाठी जिवंतपणी मरणंच होतं. बायको दुरावली, मूल दुरावलं. लक्ष्मीबाई परत नांदायला आल्या त्या काही वर्षांनी, आणि आल्या तरी सोवळंओवळं घेऊनच आल्या. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून ह्यांनी पाण्याचा हंडा एकत्र केला नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आम्ही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वाचायला लावायचो ते यासाठीच. माणूस आतून बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, किती वेळ लागतो, मधे किती हसू आणि किती रडू येतं, हे त्या बाईनं जसं सांगितलं तसं कुठल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात आम्हांला सापडलं नाही. त्यांचा विटाळ गेला तो स्वतःच्या विचारानं आणि स्वतःच्या वेळेला गेला.

टिळक ज्या मिशनमध्ये पाळक होते ती मंडळी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. त्यांच्या पूर्वजांना कपाळावरची राख, ठरावीक दिवसांचे उपास, काहीच मान्य नव्हतं. त्यांचा आक्षेप लेचापेचा नाही, समजून घ्या. राखेच्या बुधवारी जो अध्याय वाचतात त्यातच येशू सांगतो, की उपास करताना तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, तुमचा उपास लोकांना कळू देऊ नका. आणि हे ऐकून लोक काय करतात, तर सगळ्या गावाला दिसेल अशी राख लावून बाहेर पडतात! हा विरोधाभास कुणी सोडवला आहे असं आम्हांला वाटत नाही. दरवर्षी तो तसाच वाचतात आणि तशीच राख लावतात. आम्हांला ते आवडतं. स्वतःवरचा आक्षेप त्याच दिवशी मोठ्यानं वाचून दाखवणारे विधी फार थोडे आहेत.

दुसरा आक्षेप स्पिनोझाचा. त्याचं म्हणणं असं, की मोकळा माणूस मरणाचा विचार सगळ्यांत कमी करतो, त्याचं शहाणपण जगण्याच्या चिंतनात असतं. गेल्या वेळी आपण ज्याच्यापाशी थांबलो त्या एपिक्युरसला तर मरण हा विषयच वाटत नाही : आपण असतो तेव्हा ते नसतं, ते येतं तेव्हा आपण नसतो. स्पिनोझाला आम्ही तरुणपणी मानत नव्हतो, आता बरंचसं मानतो. दिवसभर मरण घोळवणारा माणूस काही चांगला होत नाही, चिडचिडा मात्र होतो. सत्तरीनंतर आरशासमोर आम्ही हे अनुभवलं आहे. पण स्पिनोझाच्या मोकळ्या माणसाला एक अडचण कधी येत नाही, जी आपल्याला रोज येते. आपण उद्यावर टाकतो. दहाव्याला बोलू म्हणतो. त्याच्यासाठी कुणीतरी तारीख घालून द्यावी लागते. चाळीस दिवसांची मुदत ही त्यासाठी आहे.

आणि नवं होणं एकदाच पुरत नाही, हे टिळकांच्याच आयुष्यात दिसतं. १८९५ मध्ये सगळं सोडलेला माणूस पुढं पगार, बंगला, मिशनचं काम यांत स्थिरावला. १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत अशी ती कल्पना. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि म्हातारपणी त्यांना तो पूल परत दोन्ही बाजूंनी वाहता हवा होता, असा आम्ही अर्थ लावतो. दोनच वर्षं मिळाली. १९१९ चा ईस्टर २० एप्रिलला झाला आणि ९ मे रोजी ते मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं, सुरुवातीचे दहाअकरा अध्यायच झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय कुणी लिहिले? लक्ष्मीबाईंनी. धड शाळा न शिकलेल्या बाईंनी. त्याही २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या, त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी. तारखांच्या या जुळण्यात काही गूढ आहे असं आम्ही म्हणत नाही. आम्ही जुनी पंचांगं बघण्याचा नाद असलेले गृहस्थ आहोत, इतकंच.

आता उपासाबद्दल एक अवघड गोष्ट. हे व्याख्यान ज्या महिन्यात होतंय त्या महिन्यात आपल्या तालुक्यातली किती घरं कुलूपबंद आहेत ते डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन गेलेली जोडपी अजून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर आहेत. पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या बाईला काय सांगायचं, की एक वेळचं जेवण सोड? सोडण्यासाठी आधी हातात काही असावं लागतं. ही शंका नवी नाही. यशया संदेष्ट्यानं ती ख्रिस्ताच्या कितीतरी आधी मांडली. त्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचा आशय असा, की मजुरांना पिळून तुम्ही जो उपास करता तो देवाला नको आहे. बांधलेल्यांना सोडा, भुकेल्याला आपली भाकरी द्या, तो उपास. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी हाच भाग वाचतात.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो या अर्थानं लेंट पाळणारे धर्मगुरू होते असं आम्हांला वाटतं. दरवर्षी लोकांच्या कपाळी राख लावणारा हा माणूस हरित वसईसाठी रस्त्यावरही उतरला. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारी उस्मानाबादला, म्हणजे धाराशिवला, ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तब्येत साथ देत नव्हती, तरी आले. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

शेवटी परत राखेकडे येतो. नाथांच्या मुलखात राहणाऱ्यांना राखेचं कौतुक नवं नाही. पलीकडे मढीला कानिफनाथ, अलीकडे सावरगावला मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथ. होळीपासून पाडव्यापर्यंत या वाटांवर भस्म लावलेली माणसं दिसतात. पण आम्हांला आठवते ती घरची राख. आई भोपळ्याचं, दोडक्याचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची, कीड लागू नये म्हणून. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकायची. सकाळी वरची राख बाजूला केली की आत निखारा लाल. काडेपेटी वाचायची. रक्षा या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत, राख आणि राखण. ते असे चुलीपाशी एकत्र आलेले आम्ही पाहिले आहेत. इंग्रजी लेंट या शब्दाचंही तसंच, तो दिवस लांबू लागण्यावरून, वसंतावरून आलेला जुना शब्द आहे. त्याच्यात ना राख आहे ना उपास.

(व्याख्यानानंतरचा एक प्रश्न इथं देत आहोत. एका तरुण श्रोत्यानं विचारलं : सर, मग तुम्ही स्वतः येत्या बुधवारपासून काय करणार?)

राख लावणार नाही. तो ज्यांचा विधी आहे त्यांचा त्यांना राहू द्या. तो लिंब मात्र अजून बांधावर आहे. भावाचा मुलगा, आमचा पुतण्या, बायकोला घेऊन फडावर गेलेला आहे, पाडव्याच्या आसपास येईल. लिंब आणि ती हातभर जमीन त्याच्या नावावर करायची, त्याचे कागद तलाठ्याकडे विचारून ठेवले आहेत. पण कागदाआधी बोलणं व्हायला हवं, आणि इतक्या वर्षांत आम्ही त्याच्याशी कामाशिवाय बोललेलो नाही. म्हणून ईस्टरपर्यंत दर बुधवारी त्याला फोन करायचा असं ठरवलंय. गेल्या बुधवारी एकदा करून पाहिला. लागला नाही, फडात रेंज नसते म्हणतात. येत्या बुधवारी संध्याकाळी परत करू, तेव्हा ते खोपीवर आलेले असतात.